बोनसच्या मागचे वीस दिवस

दसरा तोंडावर आला की पेपरात एक बातमी ठरलेलीच असते. रेल्वे कर्मचाऱ्यांना ७८ दिवसांचा बोनस जाहीर. गेली कित्येक वर्षं आकडासुद्धा तोच. आमच्या भिशीत हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यांचं बरं आहे बाई, सरकारचे जावई!" मग दुसरी आपल्या भाच्याची रेल्वेभरतीची परीक्षा किती वेळा हुकली ते सांगते, आणि विषय तिथून पोह्यांवर जातो.

मला या बोनसचं कुतूहल होतं ते वेगळ्या कारणानं. रेल्वे हे सरकारी खातं. सरकारी खात्यात पगार असतो, भत्ता असतो, पेन्शन असते. बोनस हा गिरणी-कारखान्यातला शब्द. तो रेल्वेत शिरला कसा? हे शोधायला गेले आणि १९७४ च्या मे महिन्यात जाऊन पोचले. त्या महिन्यात वीस दिवस हिंदुस्थानातली रेल्वे बंद पडली होती. सतरा लाख माणसं संपात उतरली असं संघटना सांगत होत्या, सरकार तो आकडा मानत नव्हतं. पण जगातल्या मोठ्यात मोठ्या संपांमध्ये त्याची गणना होते, याबद्दल दुमत नाही. आणि आपल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याला किती ओळी होत्या? मला तरी एकही आठवत नाही.

रेल्वे आणि संप यांचं नातं मात्र त्याहून फार जुनं. मुंबई-ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये, हे आपल्याला पाठ. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८६२ साली, हावड्याला सुमारे बाराशे रेल्वे कामगार काम टाकून बसले. मागणी काय, तर कामाचे तास आठ करा. शिकागोच्या कामगारांचं ज्यावरून रक्त सांडलं आणि ज्यावरून एक मे हा कामगार दिन झाला, ती गोष्ट १८८६ ची. आपले हे बाराशे लोक तिच्या चोवीस वर्षं आधीचे. पण एक मेला त्यांचं नाव कुणी घेत नाही.

मग १८९९. जीआयपी रेल्वेच्या तारमास्तरांचा संप. गाडी सुटली, गाडी पोचली, रूळ मोकळा आहे, हे सगळं त्या काळी कडकट्ट तारेवर कळायचं. तार वाजवणारे आपले लोक, शिकलेले, इंग्रजी येणारे आणि पगाराला रडणारे. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकरांची संघटना १८९७ मध्येच उभी राहिली होती, ती काही यांच्यासाठी नव्हती. तारमास्तरांच्या बाजूनं टिळकांचा 'केसरी' उभा राहिला, मुंबईत सभा झाल्या, वर्गणी गोळा झाली. संप फसला. पण तार वाजवणारी बोटं थांबली की आगीनगाडीची चाकंही थांबतात, हे कंपनीला आणि लोकांना एकदमच कळलं.

आपल्या बेळगावाकडे रेल्वे आली १८८७ च्या सुमारास. सदर्न मराठा रेल्वे कंपनीचा तो मीटर गेज रूळ. १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पाहिल्यावर सरकारला जाग आली, की धान्य वाहून न्यायला या मुलखात रेल्वे पाहिजे. पलीकडून पोर्तुगिजांच्या हद्दीतून मुरगावची लाइन घाट चढून कॅसलरॉकला येऊन मिळाली १८८८ मध्ये. हुबळीला वर्कशॉप झालं, लोंढ्याला जंक्शन झालं. या गावांत रेल्वे म्हणजे नुसती गाडी नव्हे. लाल कौलांच्या क्वार्टरांच्या ओळी, लोको शेडचा भोंगा, कोळशाची काळी भुकटी आणि त्या भुकटीनं कधीच पांढरं न राहिलेलं धुणं. रेल्वेतल्या बायका पांढरी साडी नेसत नाहीत, असं माझी आजी म्हणायची. तिला वाटायचं, हा त्यांचा काही रिवाज असावा.

आता तासांविषयी सांगते, कारण सगळ्या भांडणाचं मूळ तिथं आहे. गाडीवर जाणाऱ्या माणसांना, म्हणजे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांना, रेल्वेत 'रनिंग स्टाफ' म्हणतात. त्यांच्या कामाला घड्याळ नव्हतं. रात्री दीड वाजता कॉलमन हातात कंदील आणि वही घेऊन दार ठोठवायचा. वहीवर सही करायची, लोखंडी पेटी उचलायची, की निघाला. एकेरी रूळ. मालगाडी असेल तर समोरून येणाऱ्या प्रत्येक मेलला वाट द्यायची. आडबाजूच्या एखाद्या स्टेशनात तीन-तीन तास उभं राहायचं, आणि त्या वेळात इंजिनाची आग विझू द्यायची नाही. फायरमनचा हात फावड्यावर, ड्रायव्हरचे डोळे सिग्नलवर. चौदा तास, सोळा तास, कधी त्याहून जास्त. मग परक्या गावच्या रनिंग रूममध्ये पडायचं आणि दुसऱ्या दिवशी उलटा प्रवास. घरी कधी येणार, हे त्याला सांगता यायचं नाही आणि बायकोनं विचारायचं नाही.

ज्या घरात जेवणाची वेळ ठरलेली असते, दिवस मावळायच्या आत चुली आटोपतात, अशा घरात मी वाढले. त्यामुळे मला या घरांचं नेहमी नवल वाटत आलंय. रात्री दीडला उठून चार भाकरी थापून, झुणका डब्यात घालून, पुन्हा पोरांशेजारी आडवं व्हायचं, आणि परवा केव्हातरी तो येईल तेव्हा पुन्हा उठायचं. कामगाराच्या तासांचा हिशेब आयोगांनी केला, न्यायाधीशांनी केला. राजाध्यक्षांचा निवाडा झाला, मियाभॉय लवादाचा झाला. या भाकरी थापणाऱ्या तासांचा हिशेब कुठल्या निवाड्यात असणार? नाहीच.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये इंजिनवाल्यांनी संप करून सरकारकडून कबूल करून घेतलं, की एका वेळची ड्यूटी दहा तासांवर जाणार नाही. रेल्वेमंत्री होते ललित नारायण मिश्र. शब्द मिळाला, पण तो पाळायला माणसं वाढवावी लागणार, पैसे लागणार. कागदावरचे दहा तास रुळावर उतरेनात. पुढच्या वर्षीच्या भडक्याला ही एक ठिणगी होती.

दुसरी ठिणगी आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरातली. १९७२ चा दुष्काळ ज्यांना आठवतो त्यांना मिलो आठवेल, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. नंतर १९७३ च्या शेवटी अरबांनी तेलाचे भाव चढवले. १९७४ मध्ये वर्षभराची भाववाढ पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली होती. म्हणजे शंभराचं सामान सव्वाशेला, आणि पगार तिथंच. डालडा नाही, रॉकेल नाही, साखर नाही. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी १९७२ पासूनच महागाईविरोधी बायकांची आघाडी उभी केली होती. त्या हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत मंत्रालयावर गेल्या. लाटणं-मोर्चा म्हणून तो आजही लोकांच्या तोंडी आहे. मला वाटतं, त्या लाटण्यांना आणि रेल्वेच्या संपाला वेगळं काढता येत नाही. रेल्वे कामगारांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती, की धान्य आणि गरजेच्या वस्तू स्वस्त दराच्या दुकानांतून मिळाव्यात. ती मागणी कुणा पुढाऱ्याच्या डोक्यातून आलेली वाटत नाही. ती रेशनच्या रांगेतून आलेली आहे.

बाकीच्या मागण्या अशा. आठ तासांचा दिवस. महागाईच्या प्रमाणात महागाईभत्ता. भेल किंवा पोलाद कारखान्यातल्या सरकारी कामगाराइतका पगार. हंगामी मजुरांना कायम करा, कारण तेव्हा लाखो गँगमन आणि खलाशी वर्षानुवर्षं रोजावर होते. आणि बोनस.

बोनसचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. १९६५ च्या बोनस कायद्यानं कारखान्यातल्या कामगाराला बोनसचा हक्क दिला. १९७२ मध्ये कमीत कमी बोनस पगाराच्या ८.३३ टक्के झाला. हा आकडा असा विचित्र का? तर शंभराला बारानं भागून बघा. म्हणजे तेरावा पगार. पण कायद्यातून सरकारी खाती वगळलेली. त्यामुळे सरकारच्याच पोलाद कारखान्यात रूळ ओतणाऱ्याला बोनस, आणि तो रूळ टाकणाऱ्याला, त्यावरून गाडी नेणाऱ्याला काही नाही. सरकारचं म्हणणं, रेल्वे हा धंदा नव्हे, ती सेवा आहे. शिवाय तोट्यात आहे, बोनस कशातून देणार? कामगारांचं म्हणणं, बोनस ही काही नफ्यातली खिरापत नाही, तो आमचा मागं राहिलेला पगार आहे. तिसऱ्या वेतन आयोगानं तेव्हा नुकताच सरकारी नोकराचा कमीत कमी पगार १८५ रुपये सुचवला होता, सरकारनं तो ओढूनताणून १९६ केला. १९६ रुपयांत चौघांचं घर. दोन्ही बाजूंत थोडंथोडं खरं होतं, पण १९६ हा आकडा ऐकल्यावर माझं मन कुणाकडे झुकतं ते सांगायला नको.

आता माणसांकडे येऊ. अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशन ही कामगारांची सगळ्यांत मोठी संघटना. तिचे अध्यक्ष होते पीटर अल्वारिस. गोव्याच्या मैत्रिणींना हे नाव सांगायला नको. गोवामुक्तीच्या लढ्यातले समाजवादी पुढारी, नंतर पणजीचे खासदार. अल्वारिस समजुतीनं घेणारे, वाटाघाटीवाले. १९७३ च्या शेवटी त्यांना हरवून जॉर्ज फर्नांडिस अध्यक्ष झाले. तेही समाजवादीच, मंगळूरचे, मुंबईच्या फुटपाथवर झोपून पुढारी झालेले. १९६७ मध्ये स. का. पाटलांना त्यांनी दक्षिण मुंबईत पाडलं होतं. हे स. का. पाटील त्याआधी रेल्वेमंत्री होते, हा एक योगायोगच.

२७ फेब्रुवारी १९७४ ला दिल्लीत सगळ्या संघटनांची मिळून एक समन्वय समिती झाली. काँग्रेसच्या बाजूची फेडरेशन तेवढी बाहेर राहिली. एप्रिलच्या २३ तारखेला संपाची नोटीस गेली: ८ मे, सकाळी सहा. जॉर्जची भाषणं पेटती असायची. इतके दिवस गाड्या थांबल्या की वीजकेंद्रं बंद, इतके दिवस थांबल्या की पोलादाच्या भट्ट्या बंद, अशा थाटाची. ऐकणाऱ्या कामगाराला स्फुरण चढलं असेल, पण सरकारला तर आयता पुरावाच मिळाला, की हा पगाराचा संप नाही, देश वेठीला धरायचा डाव आहे. मला हे भाषण चुकलंच वाटतं. ज्याच्या हातात खरी ताकद असते त्यानं ती बोलून दाखवू नये. पण हे मी पन्नास वर्षांनी, घरात पंख्याखाली बसून म्हणतेय.

वाटाघाटी चालू असतानाच २ मे ला फर्नांडिसांना लखनौत अटक झाली. त्याबरोबर देशभर धरपकड सुरू झाली. भारत संरक्षण नियम आणि मिसा दोन्ही वापरले. म्हणजे संप सुरू व्हायच्या आधीच पुढारी तुरुंगात, आणि तरीही ८ मे च्या सकाळी इंजिनं शेडमध्येच राहिली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढाऱ्याच्या भाषणानं झालेला संप पुढारी उचलल्यावर विझला असता. तो विझला नाही.

त्या वेळी राष्ट्रपती कोण होते? वराहगिरी वेंकट गिरी. ज्यांनी बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांची संघटना उभी केली, जे स्वतः याच रेल्वेमेन्स फेडरेशनचे एके काळी अध्यक्ष होते, ते. रेल्वे कामगारांच्या घरातून पोलीस माणसं उचलून नेत होते तेव्हा राष्ट्रपतिभवनात एक जुना रेल्वे-पुढारी बसला होता. त्यांच्या मनात काय चाललं असेल, हे मला कुणी सांगितलं तर ऐकायला आवडेल.

मे महिना म्हणजे लग्नसराई. शाळांना सुट्ट्या, लेकी माहेरी येण्याचे दिवस, आंब्याच्या पेट्या. गाड्या बंद म्हटल्यावर वऱ्हाडं एसटीनं निघाली. कुठं नवरा मुलगा पोचला आणि वऱ्हाड नाही, कुठं आहेर दोन दिवसांनी. आमच्या घरातलं एक लग्न त्या मे महिन्यातलं. त्याचे फोटो नाहीत, कारण फोटोग्राफर रेल्वेनं येणार होता. लोक त्या लग्नाची गोष्ट सांगताना अजून हसतात. अशा गोष्टी पुष्कळ घरांत असतील. संपाची आठवण आपल्याकडे एवढीच उरली, गैरसोयीची. सरकारनं थोड्या मेल गाड्या, कोळसा आणि धान्याच्या गाड्या टेरिटोरियल आर्मी आणि कामावर आलेल्या लोकांच्या जोरावर चालवल्या. मुंबईच्या लोकल अडखळल्या. चाकरमान्यांनी शिव्या दिल्या असतील, त्यांना दोष देता येणार नाही.

पण क्वार्टरांच्या ओळींत जे चाललं होतं ते वेगळंच. क्वार्टर हे घर असतं, पण आपलं नसतं. नोकरी आहे तोवर घर. संपावर गेलेल्यांना नोकरीवरून काढल्याच्या नोटिसा दारावर चिकटल्या, आणि नोकरी गेली म्हणजे घर सोडा. ठिकठिकाणी क्वार्टरांचं पाणी तोडलं, वीज तोडली. मे महिन्यात. कुटुंबं सामानासकट रस्त्यावर आली. मोगलसराईसारख्या मोठ्या जंक्शनांत पोलिसांनी वस्त्यांत शिरून केलेल्या जुलमाच्या तक्रारी संसदेपर्यंत गेल्या. पुरुष बहुतेक एक तर तुरुंगात किंवा पकडलं जाऊ नये म्हणून शेतांत, मळ्यांत, पाहुण्यांकडे लपलेले. कारण सापडला की त्याला जबरदस्तीनं इंजिनावर चढवायचे. म्हणजे दारात उभं राहून "घरात नाहीत" असं सांगायचं काम उरलं बायकांकडे. वीस दिवस हा संप खरं म्हणजे दारात उभ्या असलेल्या बायकांनी चालवला, असं म्हटलं तर ते फारसं खोटं होणार नाही.

माझ्या आजोळी, एका जंक्शनच्या गावी, मागच्या सोप्यात त्या मे महिन्यात एक फायरमनची बायको दोन मुलांना घेऊन येऊन राहिली होती. मी तेव्हा फार लहान. मला आठवतं असं म्हणणं म्हणजे लबाडी होईल. आईनं सांगितलेलं सांगते. आजोबांचं किराणा दुकान होतं आणि ते संपाच्या विरुद्ध होते. दुकानात माल येईना, गिऱ्हाईक भांडायला उठायचं, त्यांना संपवाल्यांचा राग. आजीनं त्यांना न विचारता त्या बाईला जागा दिली. आजोबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून पाच शेर ज्वारी आत पाठवून दिली आणि वहीत कुणाच्याच नावावर मांडली नाही. एवढंच. त्या बाईचा नवरा रोज रात्री कुठून तरी येऊन मागच्या दारानं मुलांना बघून जायचा. एकदा लहान पोरानं दिवसाढवळ्या गल्लीत सांगून टाकलं, "आमचे अप्पा रात्रीच येतात," आणि त्या माउलीनं त्याला मारलं आणि मग स्वतःच रडत बसली. आई हे सांगायची तेव्हा त्या मुलाचं वयही सांगायची, चार. माझ्याएवढाच.

१८ मे ला राजस्थानात पोखरणला अणुस्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सगळे पेपर त्यानंच भरले. संपाची बातमी आतल्या पानांत गेली. एकीकडे पैसे संपत आले होते, पगार नाही, उधारी बंद. कामावर गेलेल्यांना सरकार बक्षीस देत होतं, जादा वेतनवाढ, मुलाला नोकरी. एकाच ओळीतल्या दोन क्वार्टरांत एक 'निष्ठावान' आणि एक संपवाला, मधे एक भिंत. पुढं कित्येक वर्षं अशा घरांत हळदीकुंकवाचं जाणंयेणं बंद होतं असं मी ऐकलंय. २७ मे ला समन्वय समितीनं संप मागं घेतला. एकही मागणी पदरात पडली नव्हती.

सगळे कामावर परत गेले असं मात्र नाही. हजारो बडतर्फ झाले. जे घेतले गेले त्यांच्या नोकरीत 'खंड' पडला असं धरलं गेलं. हा 'ब्रेक इन सर्व्हिस' म्हणजे काय, ते पेन्शनवाल्या घरातल्या बाईला विचारा. वीस वर्षांची नोकरी एका शिक्क्यानं कालपासून सुरू झाली. ज्येष्ठता गेली, पेन्शन घटली. वीस दिवसांचा संप आणि वीस वर्षांची शिक्षा, असा तो हिशेब.

एक वर्षानं आणीबाणी आली. फर्नांडिस भूमिगत झाले आणि १९७६ मध्ये बडोदा डायनामाइट खटल्यात सापडले. बडोद्याच्या वाचकांना गावाचं नाव त्या खटल्याला लागलेलं आवडत नसेल. रेल्वेच्या बड्या अधिकाऱ्यांचं शिक्षण बडोद्यात होतं, गायकवाडांच्या प्रतापविलास राजवाड्यात, १९५२ पासून. म्हणजे रेल्वेचे साहेब आणि रेल्वेच्या कामगारांचा पुढारी, दोघांचीही नावं एकाच शहराशी जोडली गेली, एकाचं राजवाड्यातून आणि दुसऱ्याचं आरोपपत्रातून.

१९७७ मध्ये सरकार बदललं. फर्नांडिस तुरुंगातून मुजफ्फरपूरला निवडून आले, आणि रेल्वेमंत्री झाले प्राध्यापक मधू दंडवते. राजापूरचे खासदार, पेशानं भौतिकशास्त्राचे शिक्षक. त्यांनी १९७४ च्या बडतर्फ लोकांना परत घेतलं, नोकरीतला खंड भरून काढला. आणि आणखी एक गोष्ट केली, जी आपल्या सगळ्यांच्या पाठीला ठाऊक आहे.

त्यासाठी थोडं मागं जायला हवं. संपाच्याच वर्षी, १९७४ मध्ये, रेल्वेनं तिसरा वर्ग बंद केला. ऐकायला किती छान! गांधीजींनी १९१७ मध्ये ज्या तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिलं होतं, तो संपला. संपला म्हणजे काय, तर डब्यावरचा तीनचा आकडा पुसून दोनचा रंगवला. बाक तोच, लाकडी फळ्यांचा. मिरजेहून रात्रभर त्या फळ्यांवर प्रवास करून उतरलं की बरगड्यांवर पट्टे उमटलेले असायचे. बाळंतिणीला न्यायचं तर घरून गादी बांधून न्यायची. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला लावला. श्रीमंतांच्या गाडीतल्या गाद्या काढून घेण्यापेक्षा गरिबाच्या बाकावर गादी घालू, असा त्यांचा साधा विचार. मंत्री आले नि गेले, नव्या गाड्यांना राजधानी, शताब्दी अशी भारी नावं मिळाली, पण या दोन इंचांएवढं सुख दुसऱ्या कुठल्या निर्णयानं इतक्या लोकांना दिलं असेल असं मला वाटत नाही. रंग बदलणं आणि फोम घालणं, यातला फरक कळायला भौतिकशास्त्र लागत नाही.

आणि बोनस? तो आला १९७९-८० सालापासून. 'उत्पादकतेशी निगडित' असं लांबलचक नाव लावून, म्हणजे नफ्याचा प्रश्नच नको. सरकारी खात्यांत पहिल्यांदा तो रेल्वेलाच मिळाला. १९७४ मध्ये जे देशाला परवडणार नाही म्हणून माणसं तुरुंगात घातली, ते पाच वर्षांनी परवडलं. दहा तासांचं भांडण मात्र अजून चालूच आहे. आठवड्याची सुट्टी, सलग रात्रपाळ्या, घरापासून दूर किती दिवस राहायचं, हे विषय घेऊन इंजिनवाले आजही निवेदनं देतात, उपोषणाला बसतात. आपल्याला त्याची बातमी कळते ती अपघात झाला की. मग चौकशीत लिहून येतं, चालकाला डुलकी लागली. ती डुलकी किती तासांनंतर लागली, हे वाचायला मी पान उलटते तर पुढं काही नसतं.

आपल्या तिकिटावर छापलेलं असतं, की प्रवासखर्चाच्या ५७ टक्केच रेल्वे आपल्याकडून वसूल करते. वाचलं की ओशाळायला होतं, जणू उधारीवर बसलोय. उरलेला भार मालगाड्या उचलतात असं अर्थसंकल्पात म्हणतात. त्या मालगाडीच्या ड्रायव्हरला बाजूच्या रुळावर तासन् तास उभं करूनच आपली गाडी पुढं काढलेली असते, हे तिकिटावर छापत नाहीत.

फर्नांडिस स्वतः १९८९ मध्ये रेल्वेमंत्री झाले, आणि दंडवते त्याच सरकारात अर्थमंत्री. एकाकडे रूळ, दुसऱ्याकडे तिजोरी. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्याकडे काम दिलं, आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंत सगळी लाइन खुली झाली. गोव्याहून मुंबईला जायला पूर्वी लोंढा-मिरज असा वळसा होता. त्या वळशानं आमच्या भागाला जी वर्दळ दिली होती ती तेव्हा कमी झाली, हेही सांगून टाकते. गाड्या बंद पाडणारा माणूस म्हणून ज्याचं नाव झालं, त्यानंच आपल्या किनाऱ्यानं पहिली गाडी नेली.

आणखी एक नाव सांगायचं राहिलं. सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव. १९८९ मध्ये त्या साहाय्यक चालक म्हणून रेल्वेत लागल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या. ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन नेली, २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत. आता त्या निवृत्त झाल्या. त्यांच्यामागून पुष्कळ मुली इंजिनावर चढल्या आहेत. म्हणजे ज्या दारावर कॉलमन कडी वाजवायचा, त्या दारातून आता पेटी घेऊन बाई बाहेर पडते, आणि डबा कोण भरतं, ते घराघरावर आहे. मी एकदा प्रवासात अशाच एका तरुण साहाय्यक चालक मुलीशी बोलले. ड्यूटी संपवून ती आमच्याच डब्यात बसून परत चालली होती. पगार चांगला, मान चांगला, आई-वडील खूश. मी विचारलं, मग अडचण कसली? ती हसली आणि म्हणाली, "काकू, इंजिनात बाथरूम नसते. निघायच्या आधी पाणी पीत नाही."